वीस रुपयांच्या नोटेवरचं नागरिकशास्त्र: ऑगमेंटेड रिॲलिटी वापरून घेतलेल्या एका जोडतासाचं प्रकरण

सहावीच्या नागरिकशास्त्रात दुसरा पाठ आहे ‘समाजातील विविधता’. तो शिकवताना फळ्यावर सहसा एक यादी तयार होते: भाषा, धर्म, सण, पोशाख, आहार. मुलं ती उतरवून घेतात आणि परीक्षेत जशीच्या तशी लिहितात. यादीतली विविधता कायम कुठेतरी दुसरीकडे राहते, पंजाबात, केरळात, आसामात. शेजारच्या बाकावरची विविधता त्या यादीत येत नाही.

हे प्रकरण कन्नड (छत्रपती संभाजीनगर जिल्हा) ते चाळीसगाव या पट्ट्यातल्या एका शाळेतलं आहे. सहावीचा पट ३८. घरी मराठी बोलणारी मुलं निम्म्याच्या आसपास. बाकीच्यांत घाटाखालून आलेल्या कुटुंबांची अहिराणी, तांड्यावरची गोरमाटी (बंजारा समाजाची भाषा), दखनी वळणाची उर्दू आणि काही घरांत भिली. शाळेचं नाव इथे मुद्दाम देत नाही. लहान गावात मुलाची घरची भाषा सांगितली की त्याची जात-जमात सांगितल्यासारखंच होतं. हातात चार अँड्रॉइड फोन होते, दोन शिक्षकांचे आणि दोन पालकांनी दिवसापुरते दिलेले. त्यातल्या दोन फोनांची रॅम जेमतेम ३ जीबी. नेट व्हरांड्यात येई, वर्गात येत नसे.

नोटच का

ऑगमेंटेड रिॲलिटीसाठी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या खऱ्या वस्तूवर पडद्यावरचं चित्र किंवा आवाज बसवण्यासाठी, आधी एक ओळखचित्र लागतं. ते बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकाचं पान किंवा छापलेलं कार्ड असतं. इथे चालू मालिकेतल्या वीसच्या नोटेची मागची बाजू घेतली. ही नोट हिरवट पिवळी, १२९ मिमी लांब आणि ६३ मिमी रुंद, मागे वेरूळच्या लेण्यांचं चित्र आणि त्याच्या शेजारी भाषांची उभी पट्टी. २०१९ पासून चलनात असलेली ही नोट प्रत्येक मुलाने हाताळलेली असते, पण ती पट्टी वाचलेली नसते.

त्या पट्टीत १५ भाषा आहेत आणि पुढच्या बाजूला हिंदी आणि इंग्रजी, म्हणजे एकूण १७. पंधरा भाषांना लिप्या लागल्या आहेत दहा: मराठी, कोकणी, नेपाळी आणि संस्कृत या चारही देवनागरीत, आसामी आणि बंगालीची लिपी जवळपास एकच, काश्मिरी आणि उर्दू उजवीकडून डावीकडे, आणि बाकी सात भाषांची प्रत्येकी स्वतंत्र. क्रम इंग्रजी वर्णमालेचा आहे. आसामी सगळ्यात वर, उर्दू सगळ्यात खाली आणि मराठी आठवी, म्हणजे बरोबर मधोमध. हे आधीच सांगून ठेवावं लागतं. नाहीतर मुलं ‘वरची भाषा मोठी’ असा अर्थ लावतात आणि तो डोक्यात पक्का बसतो.

वेरूळ हा दुसरा धागा. या शाळेपासून ते एसटीच्या टप्प्यात आहे. एकाच डोंगरकड्याला, दोन किलोमीटरहून थोड्या जास्त लांबीत, ३४ लेणी आहेत. १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू, ३० ते ३४ जैन. १९८३ पासून ते जागतिक वारसा स्थळ आहे. एका कागदावर भाषेची आणि धर्माची विविधता इतकी शेजारी शेजारी दुसरीकडे मिळणं अवघड.

बाहुल्यांचा आराखडा का नाकारला

अशा पाठासाठी सगळ्यात आधी सुचते ती कल्पना म्हणजे राज्याराज्यांच्या पोशाखातली त्रिमितीय माणसं. कार्डावर फोन धरला की भांगडा करणारा सरदारजी उभा राहतो, मुंडू नेसलेला मल्याळी उभा राहतो. या शाळेतही चर्चेत ती कल्पना होती आणि ती बाजूला ठेवली. फाइली जड होतात हे एक कारण होतंच, पण ते दुय्यम होतं.

खरं कारण असं की भाषा म्हणजे राज्य नव्हे आणि राज्य म्हणजे पोशाख नव्हे. उर्दूला कोणता पोशाख द्यायचा? संस्कृतला? नेपाळी बोलणारा सिक्कीमचा की दार्जिलिंगचा? ज्याच्या घरी उर्दू आहे तो मुलगा तर शाळेच्या गणवेशात समोर बसलेला आहे. पडद्यावर शेरवानी घातलेली आकृती आली की वर्गाला त्याच्याकडे त्या आकृतीतून बघायची सवय लागते. तंत्र जितकं देखणं, तितका हा साचा घट्ट बसतो. छापील चित्र मूल विसरून जाईल, पण स्वतःच्या बाकावर नाचलेली आकृती विसरत नाही. विविधतेच्या पाठासाठी ऑगमेंटेड रिॲलिटी वापरणाऱ्या प्रत्येकाने सगळ्यात आधी हे तपासावं: आपण जे उभं करतोय ते त्या समाजातल्या मुलाला स्वतःचं वाटेल, की आपण त्याला संग्रहालयात नेऊन ठेवतोय?

म्हणून इथे आकृत्या नाहीत. आवाज आहेत, आणि कड्याची एक साधी सपाट रेघ आहे.

बांधणी

तयार ॲप घेतलं नाही. या क्षेत्रात तयार सेवा फार लवकर बंद होतात. गूगल एक्स्पिडिशन्स (वर्गासाठीच्या आभासी सहली) ३० जून २०२१ ला बंद झालं आणि मेटा स्पार्क (ऑगमेंटेड रिॲलिटीचे परिणाम बनवायचं साधन) १४ जानेवारी २०२५ ला. त्यांवर बांधलेले पाठ त्यांच्याबरोबर गेले. मुक्त स्रोताचं माइंड-एआर (कॅमेऱ्यात चित्र ओळखणारं) आणि त्याच्या जोडीला ए-फ्रेम (वेब पानावर त्रिमितीय दृश्य मांडणारं) घेतलं, तर सगळा पाठ म्हणजे एक वेब पान आणि काही फाइली एवढंच उरतं. ते फोनच्या ब्राउझरमध्ये चालतं आणि काही इन्स्टॉल करावं लागत नाही. फोन गूगलच्या एआर-कोअर यादीत, म्हणजे ऑगमेंटेड रिॲलिटीसाठी मान्य फोनांच्या यादीत, असण्याचीही गरज नसते. जुन्या फोनांच्या शाळेसाठी हा मोठा फायदा.

पायऱ्या अशा झाल्या. कोऱ्या नोटेच्या मागच्या बाजूचा सरळ, सावली नसलेला फोटो घेऊन काठावर कापला आणि सुमारे १००० पिक्सेल रुंद ठेवला. माइंड-एआरच्या कंपायलरमध्ये तो टाकला की ओळखखुणांची एक छोटी फाइल मिळते. पानात ती जोडायची. मूळ फोटो संकेतस्थळावर ठेवायचा नाही, त्याची गरजच पडत नाही. पानाच्या मोजमापात ओळखचित्राची रुंदी १ धरली जाते, म्हणून या नोटेची उंची ६३ भागिले १२९, साधारण ०.४९. हा आकडा चुकला की पट्टीवरच्या खुणा वर-खाली सरकतात.

पहिली अडचण अक्षरांची. ए-फ्रेमचा साधा मजकूर-घटक देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाही. ‘संस्कृत’ लिहिलं की पाय मोडलेली अक्षरं सुटी सुटी दिसतात, आणि तमिळ, मल्याळमचीही हीच गत. दहा लिप्यांच्या पाठात हे चालणार नाही. उपाय दोन. एकतर मजकूर लिब्रे-ऑफिस किंवा इंकस्केपमध्ये नोटो फाँटने लिहून पारदर्शक पीएनजी चित्र म्हणून बसवायचा, किंवा तो त्रिमितीय दृश्यात न टाकता पानाच्या साध्या एचटीएमएलमध्ये ठेवायचा, तिथे ब्राउझर तो बरोबर मांडतो. इथे दोन्ही वापरलं: खुणांसाठी पीएनजी, वाचायच्या मजकुरासाठी एचटीएमएल.

दुसरी अडचण आकाराची. नोटेवरची भाषेची एक ओळ इतकी बारीक की तिच्यावर बोट ठेवून आवाज ऐकणं अशक्य. म्हणून नोट ओळखली की पडद्याच्या खालच्या भागात तीच पट्टी मोठी होऊन उघडते, एका वेळी पाच ओळी, अशी तीन पानं. एखाद्या ओळीवर टेकवलं की आवाज येतो आणि नोटेवरच्या मूळ ओळीभोवती चौकट उमटते. ती चौकट महत्त्वाची आहे. तिच्यामुळे मूल पडद्यावरून पुन्हा कागदाकडे बघतं.

तिसरी अडचण थरथर. लहान मुलांचे हात हलतात आणि चौकट नाचते. माइंड-एआरमध्ये थरथर कमी करणारे दोन आकडे असतात. त्यातला ‘फिल्टर मिन सीएफ’ कमी केला की चित्र स्थिरावतं, पण हाताच्या मागे रेंगाळतं. ‘मिस टॉलरन्स’ मूळच्या ५ वरून वाढवला तर नोट क्षणभर नजरेआड झाली तरी चौकट लगेच जात नाही. तरीही सगळ्यात उपयोगी ठरलं ते ‘चित्र थांबवा’ हे बटण. एकदा नोट सापडली की ते दाबायचं, कॅमेरा आणि नोटेचा माग काढणं दोन्ही थांबतात, फोन बाकावर ठेवून तिघं शांतपणे वाचतात. फोनची बॅटरीही वाचते आणि तो तापत नाही.

वेरूळचा थर अगदी हलका ठेवला. नोटेच्या वरच्या कडेला एक आडवी रेघ, तिच्यावर ३४ ठिपके, तीन रंगांत. ठिपक्यावर टेकवलं की लेण्याचा क्रमांक आणि दोन ओळी. कैलास लेण्याचं फोटोंवरून बांधलेलं त्रिमितीय रूप घालायचा मोह होतो, पण त्या फाइली कितीतरी एमबीच्या असतात आणि ३ जीबीच्या फोनवर ब्राउझर पानच बंद करून टाकतो.

नेट, कॅमेरा आणि आवाज

इथे बहुतेक शाळांचा पाठ अडकतो, म्हणून थोडं सविस्तर.

ब्राउझर कॅमेरा फक्त सुरक्षित पत्त्यावर देतो, म्हणजे पत्ता https ने सुरू व्हायला हवा. वर्गात नेट नाही म्हणून लॅपटॉपवर पान ठेवून हॉटस्पॉटने फोनांना द्यायचं, ही युक्ती कागदावर छान दिसते. पान उघडतं, पण कॅमेरा मिळत नाही, कारण पत्ता साध्या http चा असतो. उपाय असा: पान गिटहब पेजेससारख्या मोफत https जागेवर ठेवायचं, त्यात सर्व्हिस वर्कर (पानाच्या फाइली साठवून नेटशिवायही पुरवणारा छोटा प्रोग्राम) जोडायचा आणि आदल्या दिवशी नेट असलेल्या जागी प्रत्येक फोनवर ते एकदा पूर्ण उघडायचं. सगळ्या फाइली फोनमध्ये साठतात. मग फोन विमान मोडवर टाकून पुन्हा उघडून बघायचं. विमान मोडवर पान चाललं तरच ते वर्गात चालेल, नाहीतर धरून चालू नये.

क्यूआर कोड वाचणारी बरीच ॲप स्वतःच्याच पोटातल्या ब्राउझरमध्ये पान उघडतात आणि तिथे कॅमेरा मिळत नाही. क्रोममध्ये पान उघडून त्याचा शॉर्टकट मुख्य पडद्यावर ठेवणं बरं. कुणी घाईत कॅमेऱ्याला ‘नको’ म्हटलं तर पान पुन्हा विचारत नाही. पत्त्याच्या डावीकडच्या खुणेवर टेकवून परवानगी बदलावी लागते. पालकांच्या फोनवर हे हमखास होतं.

आवाज आपोआप सुरू होत नाही. वापरणाऱ्याने पडद्याला हात लावल्याशिवाय मोबाइल ब्राउझर ध्वनी वाजवू देत नाही. सुरुवातीला एक ठळक ‘सुरू करा’ बटण दिलं की कॅमेरा आणि आवाज दोन्ही एकाच स्पर्शात मोकळे होतात.

प्रत्येक भाषेचा तुकडा १५ सेकंदांचा, एक-चॅनल, ६४ केबीपीएस, म्हणजे साधारण १२० केबी. पंधरा तुकड्यांचे मिळून २ एमबीच्या आत. व्हॉट्सॲपवर आलेले आवाज ओपस प्रकारात असतात आणि काही फोनांवर ते वाजत नाहीत. ते एमपी-३ करून घ्यावेत.

आवाज कुणाचे

संगणकाने वाचलेले आवाज घ्यायचे नाहीत हे सुरुवातीलाच ठरलं. माणसाचा आवाज हाच या पाठाचा गाभा. आणि हे आवाज जवळच मिळतात. धुळे–सोलापूर महामार्ग याच पट्ट्यातून जातो. ढाब्यावर थांबलेले तेलुगू, तमिळ, कन्नड, पंजाबी बोलणारे ट्रकचालक, संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीत कामाला आलेले उडिया आणि बंगाली कामगार, गावातला गुजराती दुकानदार. प्रत्येकाला तीनच गोष्टी बोलायला सांगितल्या: ‘वीस रुपये’, ‘मी अमुक गावचा’ आणि ‘आज जेवणात काय होतं’. सणाबद्दल, देवाबद्दल काही विचारलं नाही. मुलांना जेवणाचं वाक्य सगळ्यात आवडतं, आणि त्यातून आलेला माणूस कामकरी, थकलेला, भूक लागलेला असतो. पोशाखातल्या आकृतीतून असा माणूस कधीच आला नसता.

काश्मिरी आवाज मिळाला नाही. ती ओळ करडी ठेवली आणि तिथे लिहिलं, ‘हा आवाज अजून मिळायचा आहे’. इंटरनेटवरून कुठलाही तुकडा उचलून घालण्यापेक्षा हे चांगलं. मुलांनी नेमकं त्याच ओळीबद्दल जास्त विचारलं.

आवाज ऐकताना मुलांनी स्वतः गट पाडले. मराठी, गुजराती, कोकणीत वीस, पंजाबीत वीह, उर्दूत बीस. बंगाली, आसामी, उडियात मात्र कुडी, कुरि, कोडिए. आणि तमिळ, मल्याळम, कन्नड, तेलुगूत इरुपदु, इरुपतु, इप्पत्तु, इरवै. भाषाकुळांचं नावही न घेता द्रविड भाषाकुळ वेगळं हाती लागलं; पहिले दोन गट मात्र एकाच इंडो-आर्य कुळातले.

नोट आणि कायदा

चार नोटा लागल्या, म्हणजे ८० रुपये. त्या बँकेतून कोऱ्या करकरीत मागून आणाव्यात. मळलेल्या, घडी पडलेल्या नोटेवर माग टिकत नाही, कारण मधल्या घडीने कागद वाकतो आणि हे तंत्र सपाट पृष्ठभाग धरून चालतं. पुठ्ठ्याला चार कोपऱ्यांवर तिरक्या चिरा पाडून, जुन्या फोटो अल्बमसारखी, नोट त्यात अडकवली. चिकटपट्टी, पिन, डिंक काही नाही. लॅमिनेशन तर नकोच, ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकतो आणि नोट ओळखली जात नाही. पुठ्ठा खिडकीकडे पाठ करून धरला की उजेडाची अडचण उरत नाही.

जुन्या मालिकेतली लालसर वीसची नोटही अजून चलनात आहे. तिच्या मागचं चित्र वेगळं, त्यामुळे पान ती ओळखत नाही. एखादं मूल घरून ती आणतं आणि ‘सर, माझीच चालत नाही’ म्हणून हिरमुसतं. आधी सांगून ठेवावं.

आणि महत्त्वाचं: नोटेची रंगीत झेरॉक्स काढून मुलांना वाटू नये. नोटेसारखा दिसणारा कागद तयार करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १८२ खाली गुन्हा आहे. नागरिकशास्त्राच्या तासाला तर ते अजिबात शोभणार नाही. गृहपाठासाठी कागद हवा असेल तर पट्टीतल्या भाषांची नावं नुसती टाइप करून द्यावीत.

जोडतास

७० मिनिटं घेतली. पहिली दहा मिनिटं फोन बंद. चार नोटा वर्गात फिरल्या, सोबत भिंगं, आणि एकच प्रश्न: या कागदावर किती भाषा आहेत? बहुतेक उत्तरं १५ वर थांबतात. पुढची बाजू उलटून बघणारं मूल १७ सांगतं.

मग तीन ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी १२-१३ मुलं, प्रत्येकी १५ मिनिटं. पहिलं ठिकाण व्हरांड्यात, तिथे आवाजाचा थर. चार फोन एका खोलीत एकदम बोलू लागले तर काहीच ऐकू येत नाही, म्हणून फोनांमध्ये अंतर हवं. एका फोनला तीन मुलं: एक पुठ्ठा धरणारं, एक फोन धरणारं, एक वहीत लिहिणारं, आणि दर पाच मिनिटांनी अदलाबदल. ही अदलाबदल शिट्टी वाजवून करावी, नाहीतर फोन ज्याच्या हाती लागला त्याच्याकडेच राहतो, आणि तो बहुधा सगळ्यात दांडगा मुलगा असतो. दुसऱ्या ठिकाणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांची यादी आणि तिची नोटेशी ताडणी. तिसऱ्या ठिकाणी जिल्ह्याचा नकाशा आणि वेरूळच्या कड्याची कागदी पट्टी, जिच्यावर मुलांनी ३४ लेणी रंगवायची. फोनची वेळ संपली की नोटेवरच्या ठिपक्यांशी ती पट्टी जुळवून बघायची. उरलेल्या पंधरा मिनिटांतली मधली पाच अदलाबदलीत जातात, दहा चर्चेला.

लेण्यांच्या थरात एक घोटाळा ठरलेला. मुलं १ ते १२ आधीची, मग १३ ते २९, मग उरलेली असा काळाचा क्रम समजतात. क्रमांक फक्त दक्षिणेकडून उत्तरेकडे दिलेले आहेत. बौद्ध आणि हिंदू लेण्यांचं खोदकाम काही काळ बरोबरीनेच चाललं होतं. सोळावं कैलास लेणं आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात खोदलं गेलं. तीन रंग बघून ‘तीन वाटण्या’ अशीही समजूत होते. म्हणून रेघ अखंड ठेवली आणि ठिपकेच तेवढे रंगवले. डोंगर एकच आहे हे डोळ्यांना दिसायला हवं.

नोटेवर नसलेल्या भाषा

दुसऱ्या ठिकाणची ताडणी संपली की मुलांच्या हाती सहा नावं राहतात: बोडो, डोगरी, मैथिली, मणिपुरी, संथाळी, सिंधी. अनुसूचीत आहेत, नोटेवर नाहीत. आणि इंग्रजी नोटेवर आहे, अनुसूचीत नाही. इथे एका मुलीने विचारलं, ‘सर, आणि गोरमाटी?’

सगळा पाठ याच प्रश्नासाठी होता असं म्हटलं तरी चालेल. आणि धोकाही इथेच. पडद्यावर उजळलेल्या, आवाज असलेल्या ओळी बघितल्यावर मुलाच्या मनात सरळ निष्कर्ष येतो की जी नोटेवर नाही ती भाषाच नाही, ती नुसती बोली, गावंढळ बोलणं. तंत्राने एका यादीला इतकं देखणं केलेलं असतं की यादीबाहेरचं आणखी फिकं पडतं. पाठ तिथेच थांबवला तर अहिराणी किंवा गोरमाटी बोलणारं मूल आधीपेक्षा जास्त दबून घरी जाईल.

म्हणून आकडे समोर ठेवले. २०११ च्या जनगणनेत दहा हजारांहून जास्त भाषक असलेल्या १२१ भाषा नोंदल्या आहेत. त्यातल्या २२ अनुसूचीतल्या, ९९ अनुसूचीबाहेरच्या. भिली बोलणारे एक कोटीहून जास्त, तरी ती अनुसूचीत नाही. संस्कृत मातृभाषा म्हणून सांगणारे पंचवीस हजारांच्या आत, आणि ती नोटेवर आहे. अहिराणी जनगणनेत खानदेशीखाली मोजली जाते. बंजारी आणि लमाणी हिंदीखाली मोजल्या जातात, म्हणजे तांड्यावरच्या मुलीची भाषा सरकारी तक्त्यात हिंदीच्या आकड्यात मिसळून जाते. यात कुणावर राग काढायचा नव्हता. यादी माणसं करतात, ती बदलते, आणि ती बदलायला लोक मागणी करतात, एवढं मुलांना कळायला हवं. कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी १९९२ साली अनुसूचीत आल्या. बोडो, डोगरी, मैथिली, संथाळी २००३ च्या घटनादुरुस्तीने आल्या. इथे पाठ खऱ्या अर्थाने नागरिकशास्त्राचा होतो. अनुच्छेद २९ म्हणतो की ज्यांची वेगळी भाषा, लिपी वा संस्कृती आहे त्यांना ती जपण्याचा हक्क आहे. त्यात अनुसूचीची अट नाही. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याच्या सोयीचा अनुच्छेद ३५०-क आहे. आणि ५१-क च्या कर्तव्यांत संमिश्र वारशाचं जतन येतं.

मग पट्टीचं चौथं पान उघडलं. त्यात रिकाम्या ओळी होत्या आणि त्या मुलांनी भरायच्या होत्या. हे पान आधीपासून बांधून ठेवलेलं हवं. ऐन वेळी जोडू म्हटलं तर ते राहूनच जातं. घरून आजी-आजोबांच्या, आईवडिलांच्या आवाजात तीच तीन वाक्यं मागवली. नियम मात्र कडक: भाग घेणं पूर्णपणे ऐच्छिक, पालकांची लेखी संमती, फक्त आवाज, चेहरा नाही, मुलाचं नाव नाही. ओळीवर भाषेचं नाव, जातीचं नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ प्रमाणे १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागतेच. पण कायदा नसता तरी ही काळजी घ्यावी लागली असती. काही समाजांवर आजही जुना शिक्का आहे आणि त्या घरचं मूल स्वतःची भाषा वर्गात लपवतं. त्याला ‘तुझी भाषा सांग’ असं उभं करून विचारणं क्रूर आहे. वर्गातल्या आवाजांच्या फाइली इंटरनेटवर चढवल्या नाहीत. पानावर ‘फाइल निवडा’ असं बटण दिलं होतं, त्यातून त्या फोनमधूनच वाजतात आणि बाहेर कुठे जात नाहीत. पालकांच्या फोनवरून त्या संध्याकाळीच काढून टाकल्या.

एका आजीने गोरमाटीत जेवणाचं वाक्य सांगताना बाजरीच्या भाकरीपासून थेट पावसापर्यंत बोलणं नेलं. पंधरा सेकंदांचा नियम तिच्यासाठी मोडला.

काय कळलं, काय नाही

मूल्यमापन फोनशिवाय, दोन दिवसांनी, प्रत्येकाचं वेगळं. तीन प्रश्न: नोटेवर कोणत्या भाषा नाहीत, त्या का नसतील, आणि तुला कोणती ओळ वाढवावीशी वाटते. तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं सगळ्यात मोकळी होती. घरी मराठीच बोलणाऱ्या अनेक मुलांनी शेजाऱ्याची भाषा लिहिली.

दोन चुका चिवट निघाल्या. पहिली, ‘हिंदी राष्ट्रभाषा आहे म्हणून ती पुढच्या बाजूला आहे’. अनुच्छेद ३४३ मध्ये देवनागरी लिपीतली हिंदी संघराज्याची राजभाषा आहे, राष्ट्रभाषा हा शब्द घटनेने कोणत्याच भाषेला दिलेला नाही. हे एकदा सांगून पुरत नाही, कारण मुलं मोठ्यांकडून रोज उलट ऐकतात. दुसरी, उर्दूला धर्माशी जोडणं. त्यावर पाठात पुरेसा उपाय नव्हता. एकच धर्म मानणारी माणसं वेगवेगळ्या भाषा बोलतात आणि एकच भाषा वेगवेगळ्या धर्मांची माणसं बोलतात, हे दाखवायला आवाजांच्या निवडीतच जागा करायला हवी. मराठी बोलणारं मुसलमान कुटुंब, कोकणी बोलणारं ख्रिस्ती कुटुंब, उर्दू जाणणारा शीख म्हातारा असे आवाज पुढच्या वेळी आधी मिळवावेत.

ऑगमेंटेड रिॲलिटीने नेमकं काय दिलं, हेही सरळ सांगायला हवं. भिंग आणि नोट यांनी निम्मा पाठ झाला असता. फोनने दोन गोष्टी वाढवल्या: छापलेल्या ओळीच्या जागीच माणसाचा आवाज, आणि नोटेवर नसलेली ओळ नोटेशेजारी दिसण्याची सोय. तिसरं काही फोनवर टाकायचं नाही, असा आमचा सल्ला. आठवी अनुसूची कागदावरच बरी वाचता येते, चर्चा तोंडानेच होते.

पुढच्या वर्षीसाठी शाळेकडे तीन वस्तू राहायला हव्यात: सगळ्या फाइलींचा फोल्डर पेन ड्राइव्हवर, पालकांच्या संमतीची कागदपत्रं मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि कोऱ्या नोटेचा मूळ फोटो शिक्षकाकडे. नोटेची नवी मालिका आली की ओळखफाइल पुन्हा तयार करावी लागेल आणि पट्टीची जागा बदलली असेल तर चौकटींची मोजमापंही. आवाज तेच राहतील. काश्मिरीची करडी ओळ तेवढी भरायची आहे.